नमुना पाहून घेतलेले साडेबाराशे शेअर

३ मे २०२२, मंगळवार, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. रक्कम चार लाख रुपये. ठिकाण अमळनेर, माझ्या सासूबाईंच्या भाड्याच्या दोन खोल्या. हजर माणसं सहा: सासूबाई, त्यांचे धाकटे दीर म्हणजे नाना, धुळ्याचे माझे साडू, साडूंची बायको, माझी बायको आणि मी. सगळे शुद्धीवर होते. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या दुपारी जे ठरलं ते वाचून कोणाला वेगळी शंका येऊ शकते.

चार लाख सासूबाईंचे स्वतःचे होते. त्यांच्या माहेरच्या शेतातून महामार्ग गेला आणि मोबदल्यातला त्यांचा वाटा भावांनी न भांडता दिला. या सगळ्या हकिगतीत सरळपणे झालेली तेवढी एकच गोष्ट. सासरे तेलाच्या कारखान्यात होते. ते गेल्यापासून सासूबाई या दोन खोल्यांत एकट्या राहत. वरच्या मजल्यावर घरमालक, कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेले एक वृद्ध शेठ. त्यांची मुलं सुरतेत स्थायिक झाली होती आणि वडिलांना तिकडे बोलावत होती. आदल्या दिवाळीत शेठनी सासूबाईंना सांगितलं की आज ना उद्या मी जाणार, तुमच्या दोन खोल्या तुम्हीच घ्या, सव्वाचार लाख द्या. कमी पडणारे पंचवीस हजार मी घालायचे, असं मी कबूल केलं होतं. आखाजी झाली की कागद करायचा, एवढंच बाकी होतं.

त्या खोल्या सासूबाईंना का हव्या होत्या हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना कोणत्याच मुलीकडे राहायला जायचं नव्हतं. आमच्याकडे जळगावला त्या चार दिवसांच्या वर कधी टिकल्या नाहीत. जावयाच्या घरात चहा मागून प्यावा लागतो, असं त्या म्हणत, आणि ते खरंही होतं. माझ्या बायकोनं दहादा सांगूनसुद्धा त्यांनी आमच्या गॅसला कधी हात लावला नाही.

आखाजीला लेकी माहेरी येतात आणि पुरुष पत्ते खेळतात. एरवी विडीला शिवणार नाहीत अशी माणसंसुद्धा आमच्याकडे त्या दिवशी पैसे लावून खेळतात, आणि कोणी काही म्हणत नाही. मी खेळत नाही. मी हिशेब ठेवतो. आमरस आणि सांजोऱ्या पोटात गेल्या होत्या, डाव दहा रुपयांचा होता, नाना एकशे चाळीस रुपये पुढे होते आणि साडू तितकेच मागे. तेव्हा साडूंनी पत्ते खाली ठेवले आणि पिशवीतून पाइपाचा एक काळा तुकडा काढला.

साडू धुळ्याला फिजिक्सचे क्लास चालवतात. पोरांना ते काय शिकवतात मला ठाऊक नाही, पण मोठ्या माणसांना शिकवायची त्यांना भारी हौस. पाइपात ग्राफीन आहे, असं त्यांनी सांगितलं. पेन्सिलीत असतो तोच कार्बन, फक्त एका अणूइतक्या जाडीचा थर. पोलादाहून मजबूत, केसाहून लाखो पटींनी पातळ. दक्षिणेतली एक कंपनी त्याची पूड बनवते, ती पूड पाइपात, रंगात, टायरात, बॅटरीत पडणार आणि जग बदलणार. कंपनी अजून शेअर बाजारात आलेली नाही, म्हणून शेअर स्वस्त, तीनशे वीस रुपये. बाजारात आली की किमान तीन हजार. पाच वर्षं धरून ठेवायचं. ‘लाँग टर्म’ हा शब्द त्यांनी त्या दुपारी इतक्या वेळा वापरला की शेवटी नानाही तो म्हणू लागले.

सासूबाईंनी विचारलं की याचा आपल्याशी काय संबंध. साडू म्हणाले, दोन खोल्या काय घेता, पाच वर्षांनी अख्खं घर घ्या. वरचा मजलासुद्धा.

आता नानांबद्दल सांगितलं पाहिजे. नाना शिंदखेडा तालुक्यातले कापसाचे शेतकरी. कापूस पारखण्यात त्यांचा हात आहे. चिमूटभर कापूस अंगठ्याजवळ धरून ते ओढतात आणि धाग्याची लांबी सांगतात, आणि व्यापारी त्यावर वाद घालत नाहीत. आमच्या सगळ्या गोतावळ्यात मोठी खरेदी नानांचा हात लागल्याशिवाय होत नाही. बैल, बियाणं, लाकूड, लग्नातली भांडी, एकदा तर सोफासेट. माल हातात घ्यायचा, ओढायचा, वाकवायचा, ठोकायचा आणि निकाल द्यायचा.

तसा त्यांनी पाइपाचा तुकडा हातात घेतला. ओढला. पिळला. खलबत्त्यातला बत्ता मागवला आणि ओट्यावर ठेवून चार घाव घातले. मग त्यांच्या ट्रॅक्टरच्या डब्यात ठिबकच्या नळीचा एक जुना तुकडा होता, तो आणून त्यावर तसेच घाव घातले. नळी चिरली. काळ्या तुकड्यावर ओरखडासुद्धा नव्हता. साडूंची बायको म्हणाली, उन्हात ठेवून बघा. तो गच्चीवर ठेवला. चहा होईपर्यंत ठेवला. परत आणला, तसाच.

नाना म्हणाले, “माल चोखा शे. आते काय देखी राह्यनात?”

मी जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्याचे हिशेब पाहतो. प्लास्टिकचा दाणा किलोला काय पडतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. तसली पूड विकणारा एक माणूस आमच्याकडेही येऊन गेला होता. मालकांनी त्याला एकच प्रश्न विचारला, ही घातली तर चटई कितीला पडेल. त्यानं आकडा सांगितला आणि मालकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पूड खोटी नव्हती. ती घातलेली चटई त्या भावात घेणारं गिऱ्हाईक नव्हतं.

हे मी तिथे सांगितलं. आणि विचारलं की कंपनीचे एकूण शेअर किती आहेत, वर्षाची विक्री किती आहे. साडूंनी फोनमधून काढून सांगितलं: शेअर दोन कोटी, विक्री सहा कोटी चाळीस लाख. मी पत्त्यांच्या हिशेबाच्या कागदावरच गुणाकार केला. तीनशे वीस गुणिले दोन कोटी म्हणजे सहाशे चाळीस कोटी. आपण कंपनीची शंभर वर्षांची विक्री आज विकत घेतोय, आणि त्यातही विक्री, नफा नव्हे.

“साडूभाऊ, तुम्ही चटईवाले,” साडू म्हणाले. “तुम्हाला सगळं किलोत दिसतं.”

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. माझा गुणाकार कागदावर होता आणि पाइपाचा तुकडा नानांच्या हातात होता. सासूबाईंनी कागदाकडे पाहिलं नाही. त्यांनी नानांना विचारलं आणि नानांनी पुन्हा तेच सांगितलं, माल चोखा शे.

इथे आमच्या लोकांची अक्कल नेमकी कुठे थांबते ते दिसतं. माल चोख होता. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण आपण पाइप विकत घेत नव्हतो. तो पाइप बनवणाऱ्या दुकानातला एक बारीकसा वाटा घेत होतो, आणि त्या वाट्याला बत्त्यानं ठोकून बघता येत नाही. हा फरक सहा माणसांत एकालाही कळू नये, असं नाही. कळून घ्यायला कोणाला सवड नव्हती. डाव अर्धा राहिला होता.

साडेबाराशे शेअर घेतले. १२५० गुणिले ३२० बरोबर चार लाख, वर एक रुपया नाही. सासूबाईंच्या नावाचं खातं साडूंनी आपल्या फोनवर उघडून दिलं. साडूंचे स्वतःचे शेअर किती, हे मी विचारलं. पाचशे, म्हणाले. म्हणजे जग बदलणार याची त्यांना स्वतःला एक लाख साठ हजारांपुरती खात्री होती आणि सासूला चार लाखांची द्यायची होती.

आखाजीला घेतलेली वस्तू क्षय पावत नाही असं मानतात. ते खरं ठरलं. साडेबाराशे हा आकडा पुढे पावणेतीन वर्षं तसाच राहिला. बाकी सगळं हललं.

पहिलं वर्ष सगळे खुशीत होते. त्याला आणखी एक कारण होतं. नानांनी त्या साली कापूस विकला नव्हता. आमच्याकडे भाव पसंत नसला की कापूस घरातच ठेवतात. पुढच्या खोलीत छतापर्यंत रचतात, पाहुण्यांना त्यावरच बसवतात, आणि पाहुणा घरी जाऊन दोन दिवस अंग खाजवतो, कारण जुन्या कापसात बारीक किडे होतात. नानांनी आदल्या दिवाळीचा कापूस त्या आखाजीपर्यंत धरला, आणि त्या साली भाव असा चढला की गावात नानांचं नाव झालं. मग धरून ठेवणं हीच सगळ्यांची विद्या झाली. शेअरचं काय झालं म्हणून मी कधी विचारलं की नाना म्हणत, “माल सडस का? नही ना. मंग घाई कसाले?”

कापूस घरात ठेवला की तो तेवढाच राहतो, एवढं नानांचं खरं. पण कंपनी नवे शेअर छापू शकते. म्हणजे तुमची गंजी तुमच्या खोलीत तशीच, आणि गावातला एकूण कापूस कोणीतरी बसल्या जागी दुप्पट करतो. हे मी नानांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले की असं कापसात होत नाही. मी म्हटलं, तेच तर सांगतोय.

२०२३ मध्ये तसंच झालं. कंपनीनं पत्र पाठवलं की प्रत्येक जुन्या शेअरमागे एक नवा शेअर एकशे दहा रुपयांना मिळेल. तीनशे वीसला घेतलेली वस्तू वर्षभरानं कंपनी स्वतःच एकशे दहाला विकत होती, आणि साडूंच्या मते ही आनंदाची बातमी होती, कारण आता ‘ॲव्हरेज’, म्हणजे सरासरी खरेदीभाव, खाली येणार. सासूबाईंच्या वतीनं एक लाख साडेसदतीस हजार भरावेत अशी त्यांनी मला सूचना केली. माझ्या खिशातून.

नाही म्हणायच्या आधी मी कंपनीच्या सभेला जाऊन आलो. सभा धुळ्याबाहेर महामार्गावरच्या एका हॉटेलात होती. सत्तर-ऐंशी माणसं असतील. डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक, दाळमिलवाले, दोन वकील. टी-शर्ट घातलेला एक तरुण संचालक पडद्यावर चित्रं दाखवत होता. एका ग्रॅममध्ये केवढं मैदान झाकता येतं याचं चित्र होतं. सन २०४० मध्ये जगात काय काय असेल याचं होतं. गेल्या महिन्यात माल किती खपला याचं नव्हतं. मी उभा राहून ते विचारलं. तो गोड हसला आणि म्हणाला की सध्या आम्ही व्यापारी टप्प्याच्या आधीच्या टप्प्यात आहोत. माझ्या शेजारच्या डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नात नवऱ्या मुलाचा पगार माइकवर विचारला. मग जेवण झालं. पनीर दोन प्रकारचं होतं. निघताना प्रत्येकाला पाइपाचा काळा तुकडा भेट मिळाला, आणि शिकली-सवरलेली माणसं गाडीत बसायच्या आधी तो पार्किंगच्या कठड्यावर आपटून बघत होती.

मी पैसे भरले नाहीत. साडूंनी त्यांच्यापुरते भरले. दोन कोटी शेअरांचे चार कोटी झाले, आणि पुढच्या वर्षी कोणा मोठ्या गुंतवणूकदाराला आणखी दोन कोटी दिले. सासूबाईंचा वाटा आधी सोळा हजारांत एक होता, तो अठ्ठेचाळीस हजारांत एक झाला. हे मी साडूंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, साडूभाऊ, केक मोठा होतोय. मी विचारलं, भूक कोणाची भागतेय. त्यांनी क्लासची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी जळगावला एका दलालाकडे भाव काढायला गेलो. पुढे स्टीलच्या भांड्यांचं ठोक दुकान, मागे गादी, आणि गादीवर बाजारात न आलेल्या शेअरांची देवघेव. दलाल माझ्याच वयाचा, बोलायला नेमका. मी कंपनीचं नाव सांगितलं.

“घ्यायचे असतील तर एकशे तीस,” तो म्हणाला. “द्यायचे असतील तर चौऱ्याऐंशी.”

मी म्हटलं, शेअर एकच ना.

“शेअर तोच, साहेब. गरज वेगळी.”

साडेबाराशेला चौऱ्याऐंशीनं एक लाख पाच हजार. मी तो आकडा घरी सांगितला आणि त्याबरोबर माझा २०२२ चा गुणाकारही पुन्हा सांगितला. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, “तुमचं बरोबर होतं, असं लिहून आईच्या दारावर लावू का? घरमालक ती पाटी बघून भाव कमी करेल?”

घरमालकानं भाव कमी केला नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की होळीनंतर मी सुरतेला कायमचा जातो. खाली मोबाइलचं दुकान काढायचंय असा एक माणूस साडेसहा लाख रोख द्यायला तयार आहे. पण तुम्ही इतकी वर्षं राहिलात, तुम्हाला सहा लाख दहा हजार. मार्चअखेरपर्यंत थांबतो. शेठ वाईट बोलले नाहीत. सव्वाचारचे सहा-दहा होईपर्यंत वाट आपणच पाहिली होती, आणि खोल्यांना लाँग टर्म फळली होती. फक्त ती शेठच्या बाजूनं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे पुन्हा अमळनेरला जमलो. तीच सहा माणसं. या वेळी पत्ते नव्हते. सासूबाईंनी तिळगुळाचा डबा मधे ठेवला होता आणि कोणी हात लावत नव्हतं.

साडू मात्र उत्साहात आले. कंपनीला बॅटरीच्या कामाची मोठी ऑर्डर मिळाल्याची बातमी होती आणि भाव वर सरकला होता. मी आदल्या दिवशीच दलालाकडून काढलेला भाव सांगितला, घेणाऱ्याला एकशे सत्तर, देणाऱ्याला एकशे चाळीस. म्हणजे आज विकले तर सासूबाईंच्या हातात एक लाख पंच्याहत्तर हजार. साडू म्हणाले की आज विकणं म्हणजे वेडेपणा. हीच तर सुरुवात आहे. खोल्या जाऊ द्या. सासूबाईंनी दोन वर्षं आमच्याकडे धुळ्याला राहावं, मग त्यांना लिफ्टवाला फ्लॅट घेऊन देऊ. त्यांच्या बायकोनं मान हलवली, पण आईकडे बघितलं नाही.

सासूबाईंनी तिळगुळाचा डबा बाजूला सरकवला. त्यांनी विचारलं, “मना पैसा कोठे शेत?”

पैसे कुठे आहेत ते दाखवायला साडूंनी फोन काढला, खातं उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी फोन हातानं बाजूला सारला.

“तुमना घर चांगलं शे,” त्या म्हणाल्या. “पन मी आठेच राहसू.”

त्या इथून हलणार नव्हत्या. मी आकडे मांडायला सुरुवात केली, इतके विकून इतके, इतकं कर्ज, इतका हप्ता. सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या की जावाईबुवा, तुमचं गणित तेव्हाही बरोबर होतं आणि आताही असेल, पण त्यात मी झोपू कुठे. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

नाना भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी साडूंना विचारलं, “नमुना कोनी दखाडा?”

साडूंना आधी प्रश्नच कळला नाही. मला कळला, कारण हा नानांच्या गावचा जुना रिवाज आहे. तिथे कापसाचा सौदा नमुन्यावर होतो. ज्यानं नमुना दाखवला आणि ज्यानं तो पसंत केला, ते दोघं मालाला बांधलेले. पुढे घेणाऱ्याला माल नडला, तर त्या दोघांनी तो ठरल्या भावानं निम्मा-निम्मा उचलायचा. कागद नसतो, साक्षीदार नसतो. ज्यानं उचलला नाही त्याचा नमुना पुढच्या हंगामात कोणी हातात घेत नाही.

“दखाडा तुम्ही,” नानाच पुढे म्हणाले. “पास करा मी. आते उचला.”

“नाना, शेअर म्हणजे कापूस नाही,” साडू म्हणाले.

“आखाजीले तर व्हता.”

साडूंनी मग बरंच काही सांगितलं. बाजाराचे चढउतार, जोखीम, प्रत्येकाचा निर्णय प्रत्येकाचा. हे सगळं खरं आहे आणि छापील कागदावर बारीक अक्षरात असतंच. नाना ऐकत राहिले. मग त्यांनी साधं विचारलं की हा माल तीन हजारांना जाणार, यावर तुमचा आजही भरवसा आहे ना. साडू म्हणाले, शंभर टक्के. नाना म्हणाले, मग तीनशे वीसला घ्यायला काय हरकत आहे. वहिनीला नको आहे, तुम्ही घ्या. निम्मे पैसे मी देतो, निम्मे तुम्ही.

आपल्याच बोलण्यात असा अडकलेला माणूस मी आमच्या कारखान्यात पुष्कळ पाहिलाय, पण जावई माणूस सासूसमोर अडकलेला पहिल्यांदा पाहिला. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “द्या. मला इथे तोंड दाखवायचंय.”

दोन लाख नानांनी, दोन लाख साडूंनी. नानांनी त्या साली धरून ठेवलेला कापूस मोडला. भाव पडलेलाच होता. पैसे आणून सासूबाईंच्या खात्यात भरले तेव्हा मी त्यांना सांगितलं की तुमचे सहाशे पंचवीस शेअर होतात, तुमच्या नावाचं खातं उघडू. नाना म्हणाले, “असा माल मी घरमा ठेवत नही.” सगळे धुळ्याच्या जावयाच्या नावावर करा, मी पास केला म्हणून दंड भरला, माल मला नको.

त्यामुळे साडेबाराशे शेअर साडूंकडे गेले, दोन लाखांत. म्हणजे शेअरला एकशे साठ. त्याच आठवड्यात दलालाकडून घेतले असते तर एकशे सत्तरनं दोन लाख साडेबारा हजार लागले असते. ज्यानं नमुना आणला त्याला खरेदीत साडेबारा हजारांची सूट मिळाली, आणि ज्यानं नुसता अंगठा लावला त्याचे दोन लाख गेले. मी हा हिशेब साडूंसमोर मांडला आणि निदान एक लाख नानांना परत द्या असं सुचवलं. ते म्हणाले की शेअर तीन हजार झाला की नानांचं बघू. धुळ्यात ते आता सांगतात की अडचणीच्या वेळी मी सासूबाईंना मोकळं केलं. क्लासची मुलं ऐकून घेत असतील.

घरमालकांशी सासूबाई स्वतः बोलल्या. आम्हा दोघा जावयांना त्यांनी जिन्याखालीच थांबवलं. अर्ध्या तासानं खाली आल्या तेव्हा सहा लाख दहा हजारांचे पाच लाख नव्वद हजार झाले होते. वर काय बोलणं झालं हे त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की मोरीचा नळ शेठ जाताना बदलून देणार आहेत.

खरेदीखत १९ मार्च २०२५ ला, बुधवारी झालं. घरमालकांना पाच लाख नव्वद हजार दिले. त्यात नाना आणि साडूंचे मिळून चार लाख, सासूबाईंच्या पोस्टातले सत्तर हजार, आणि आमचे, म्हणजे माझे आणि बायकोचे, एक लाख वीस हजार. मुद्रांक आणि नोंदणी मिळून पस्तीस हजार चारशे सरकारला, खत बाईच्या नावावर म्हणून एक टक्का सूट धरून. हे मी दिले. खत लिहिणाऱ्याला चार हजार, तेही मी. जळगावच्या दलालाला काही द्यावं लागलं नाही, तरी भाव सांगण्यासाठी त्यानं दोनदा वेळ दिला म्हणून त्याच्याकडून एक स्टीलचा डबा घेतला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. खोल्यांचं भाडं महिना बाराशे रुपये होतं, ते आता वाचत होतं. ते दर महिन्याला नानांच्या खात्यात पाठवायचं, असं त्यांनी मला सांगितलं. नाना घेणार नाहीत, मी म्हटलं. त्या म्हणाल्या की खात्याला नाही म्हणता येतं का, ते बघा. नाही म्हणता येत नाही. मी हिशेब केला: दोन लाखांना बाराशेनं एकशे सदुसष्ट हप्ते लागतात, म्हणजे चौदा वर्षांना एक महिना कमी. सासूबाईंना तेव्हा त्र्याहत्तरावं चालू होतं. मी आकडा त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, पहिला पाठवा.

७ एप्रिल २०२५ ला बाराशे रुपये पाठवले. नानांना.